हायड्रोजन मिसळण्याआधी पोलादी लाइन कशी तपासायची

सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत मी वेल्डिंग इन्स्पेक्शन करतो. पोरांनो, एक गोष्ट पक्की धरा: नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळला की पाइप गंजत नाही, ठिसूळ होतो. हायड्रोजनचे अणू आतल्या बाजूने पोलादात शिरतात आणि आधीचीच बारीक चीर भराभर वाढायला लागते, कधी दहापटीनेही. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो.

आधी मिल सर्टिफिकेट, म्हणजे पोलाद कुठल्या ग्रेडचं आहे ते सांगणारा कारखान्याचा दाखला, काढा. एक्स-४२, एक्स-५२ असे कमी ताकदीचे ग्रेड असतील तर बरं. एक्स-७०, एक्स-८० ला जास्त जपावं लागतं; जास्त ताकदीचं पोलाद इथे उलट नडतं.

खरा वेळ वेल्डला द्या. जोडाला लागून दोन-चार मिलिमीटरचा, उष्णतेनं कडक झालेला पट्टा असतो. तो घासून चकचकीत करा, मगच हार्डनेस, म्हणजे कडकपणाचं माप, घ्या. खडबडीत जागेवरचा आकडा मी मानत नाही. तो आकडा २५० विकर्सच्या (कडकपणा मोजायच्या एककाच्या) वर गेला, तर तो जोड मी पास करत नाही. आतल्या चिरांसाठी अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी, कराच.

दाबाचं रजिस्टरही मागा. दाब रोज वरखाली होत असेल तर प्रत्येक फेऱ्याला चीर पुढे सरकते.

गल्लीतल्या पॉलिथिलीन पाइपला हा ठिसूळपणा येत नाही. तिथे सांध्यांची गळती बघा.