रकाने आडवे वाचा : अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंसाठी

नेमणुकीचं पत्र हातात आलंय, प्रशिक्षण झालंय, 'सर्वांगीण विकास' हे शब्द ऐकून ऐकून पाठ झालेत. पोषण ट्रॅकर (नोंदींचं मोबाइल ॲप), टीएचआर (घरी न्यायला दिला जाणारा आहार), वजन-उंची, गृहभेटी हेही तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते मुलांच्या विकासाच्या नोंदींबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मी तिथेच अडकले होते आणि आजही नव्या ताया नेमक्या तिथेच अडकताना दिसतात.

नोंदी आपण उभ्या भरतो. वजनाच्या दिवशी सगळ्यांची वजनं. मग कधीतरी भाषेचा रकाना सगळ्यांचा, नंतर सामाजिक, मग भावनिक. काम पटपट उरकतं, तपासणीला आलेल्या मॅडमना रकाने भरलेले दिसतात, सही होते. पण एकच मूल चार कागदांवर चार तारखांना विखुरलं जातं आणि ते एकत्र करून कुणीच बघत नाही. सापळा तो हाच. नोंदी खोट्या नसतात, म्हणून तर तो लक्षात येत नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता, चार वर्षांचा. त्याला बाळू म्हणू. शारीरिक विकासात लिहिलं होतं, वजन ठीक, सर्दी असते. भाषेत, सूचना पाळत नाही, दोन-दोन शब्दांत बोलतो. सामाजिकमध्ये, गोष्टीच्या वेळी ढकलाढकली करतो. भावनिकमध्ये, हट्टी. प्रत्येक ओळ खरी होती. हट्टीपणावर मी प्रेमाने घ्यायचे, भाषेसाठी चित्रं दाखवायचे, आणि सर्दी म्हणजे काय, पावसाळ्यात सगळ्यांनाच असते. दुवा जोडला तो आमच्या मदतनीस काकूंनी. पातेल्यात डाव फिरवता फिरवता म्हणाल्या, "ताई, ह्याला मागनं हाक मारली की बघत न्हाई. ताटली दावली की पळत येतो."

त्याला नीट ऐकू येत नव्हतं. वारंवार सर्दी झाली की लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. दुखतच असं नाही, कान वाहतोच असंही नाही. आवाज पोचतो, पण दबका. शिवाय ते कमी-जास्त होत राहतं. मंगळवारी ऐकू येतं, शुक्रवारी येत नाही. म्हणून घरचेही म्हणतात, "पाहिजे तेव्हा बरोबर ऐकतो, नाटकं करतो." ऐकू न आल्यामुळे शब्द कमी, शब्द कमी म्हणून हाताने ढकलणं, ढकललं म्हणून ओरडा, ओरड्यामुळे हट्ट. चारही रकाने एकाच कानातून निघालेले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे अंगणवाडीत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाने चिठ्ठी दिली, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, उपचार झाले. बोलणं सुधारायला त्यानंतरही बरेच महिने गेले.

म्हणून महिन्यातून एकदा, वही बंद करण्याआधी, एकेका मुलाची चारही रकान्यांतली ओळ आडवी, एकत्र वाचा. रोज दोन-तीन मुलं घेतलीत तरी महिन्यात सगळी होतात. काही खटकलं की आधी शरीराकडे बघा, स्वभावाकडे नंतर. ऐकण्याची शंका असेल तर मूल खेळात रमलेलं असताना मागून, हळू आवाजात नाव घ्या. टाळी वाजवू नका, मोठा आवाज दबक्या कानालाही कळतो. वेगवेगळ्या दिवशी करून बघा. ही तपासणी नव्हे, डॉक्टरकडे पाठवायला एवढं कारण पुरतं. आणि घरी स्पष्ट सांगा, कानात कोमट तेल घालायचं नाही. आजीला राग आला तरी सांगा.

घाबरू नका. निदान करणं तुमचं काम नाही. बघणं, विचारणं आणि वेळेत पाठवणं एवढंच आहे, आणि ते दहावी-बारावी शिकलेल्या ताईला डोळे उघडे ठेवून छान जमतं. सकाळी दहालाच चिडचिडणारं मूल दिसलं तर पहिला प्रश्न, रात्री काय जेवलं आणि कधी झोपलं. ऊसतोडीहून आई-बापांबरोबर परतलेलं मूल गप्प बसत असेल तर लगेच 'बौद्धिक'मध्ये काही लिहू नका. वजन, उंची घ्या, दंडघेर मोजा (११.५ सेंमीच्या खाली असेल तर त्याच दिवशी नर्सताईंना फोन), लसीकरणाचं कार्ड बघा आणि थोडे दिवस त्याला नुसतं जवळ बसू द्या.

आता माझं एक ठाम मत. जेवण, हात धुणं, शी-शू ही मदतनीसांची कामं आणि शिकवणं आपलं, अशी वाटणी करू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या स्वतःच वस्तीवर गेल्या, अंगणात मुलं जमवली. मुलांची स्वच्छता हा त्या शिक्षणाचाच भाग होता. पुढे त्यांचं काम जवळच्या कोसबाडला गेलं, तिथे शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. खिचडी वाढायच्या वेळी मुलांना ताटल्या मांडू द्या. किती मुलं, किती ताटल्या, कुणाला कमी पडली, आधी कुणाला, थांबायचं कसं, 'गरम आहे' हे शब्दात सांगायचं कसं, सगळं त्या अर्ध्या तासात होतं. असा तास तक्ता टांगून होत नाही. तुम्ही मात्र तेव्हा मुलांत बसलेल्या हव्यात, मोबाइलमध्ये फोटो चढवत नव्हे.

गिरवायच्या तयार वह्या विकत घेऊन देऊ नका. पालक म्हणतील, "शेजारच्या कॉन्व्हेंटमधलं पोरगं एबीसीडी लिहितं." त्यांची काळजी खरी आहे, झिडकारू नका. मूल माती मळतं, मणी ओवतं, चिंचोके निवडतं, त्यातून लिहायला लागणारी बोटं तयार होतात, हे पालकसभेत त्यांच्या हातात माती देऊन दाखवा. मोबाइलवर बालगीत लावून कामं उरकण्याच्या सवयीला तर मी सरळ नाही म्हणते. तुमचा आवाज बेसूर असला तरी मुलांना तोच हवा असतो.

मार्गदर्शक शोधत असाल तर गावात जुन्या झालेल्या मदतनीस काकूंजवळ बसा. मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या प्रशिक्षकांकडून मीही शिकले, पण कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचा बाप महिनाभर घरी नाही, हे काकूंना माहीत असतं आणि मुलाची ओळ त्याशिवाय वाचता येत नाही.

आरोग्य तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तारीख आधीच विचारून ठेवा, शंका असलेल्या मुलांची नावं आणि तुम्ही काय पाहिलं ते एका कागदावर लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगा की कुणीतरी बरोबर या. आई-वडिलांची मजुरी बुडत असेल तर आजी चालेल. मूल तोंडाने श्वास घेतं का, रात्री घोरतं का, कान कधी वाहिला होता का, हे डॉक्टर विचारतात आणि ते बहुतेक वेळा आजीलाच ठाऊक असतं.