आयरिश कैद्याचा माग काढताना या चुका टाळा

१७९१ साली ‘क्वीन’ हे जहाज आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरातून कैदी घेऊन सिडनीला पोचलं. तेव्हापासून १८५३ पर्यंत हजारो आयरिश माणसं शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हॅन डायमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, हद्दपार झाली. त्यांचा शोध घेणारे बहुतेकजण पहिल्याच पायरीवर घसरतात. डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या हद्दपारांच्या ऑनलाइन यादीत नाव टाकायचं आणि समोर येईल तो जॉन रायन आपलाच मानायचा, मग पुढची सगळी वंशावळ परक्याची निघते.

नावावर भिस्त ठेवू नका

एका टिपररी परगण्यातच जॉन रायन किती असतील याची गणती नाही. त्यात अनेक कैद्यांना लिहिता येत नसे आणि काहींना फक्त आयरिश भाषा येई. कारकून कानावर पडेल तसं उतरवून घेई. आडनावाआधीचा ‘ओ’ गळायचा, ब्रिजेटची बिडी व्हायची. म्हणून माणूस ओळखायचा तो तीन गोष्टींवरून: जहाज, ते पोचल्याचं साल आणि खटला चालला ते ठिकाण. वसाहतीतले कारकूनही तेच करत. सुटकेचा दाखला असो, लग्नाच्या परवानगीचा अर्ज असो की १८२८ ची शिरगणती, नावाशेजारी जहाज असतंच.

जहाजाचं नाव सालासकटच टिपून ठेवा. ‘मिनर्व्हा’ १८०० मध्ये आलं, पण त्याच नावाचं जहाज १८१८ आणि १८१९ मध्येही आयरिश कैदी घेऊन सिडनीला लागलं.

आयर्लंडपासून सुरुवात करू नका

ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूपासून मागे या. न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या मृत्यूच्या नोंदींत आईवडिलांची नावं, जन्मस्थळ आणि वसाहतीत काढलेली वर्षं सापडू शकतात. मग जहाजावरच्या कैद्यांची यादी बघा. तिच्यात वय, धर्म, धंदा आणि शिक्षा मिळते. खटल्याचं गाव आणि जन्मगाव मात्र एकच समजू नका. कापणीच्या हंगामात मजूर परगणे ओलांडून जात आणि पकडले जात भलतीकडेच.

‘यादीत नाही’ म्हणजे ‘नव्हताच’ असं नाही

ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते. जून १९२२ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तर जळालं. १८३६ पूर्वीची हद्दपारीची रजिस्टरं त्यात गेली, १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागदही गेले. डब्लिनच्या यादीत १८३६ आधीची जी नावं दिसतात, ती मुख्यतः दयेच्या अर्जांमधून गोळा झाली आहेत. ज्याच्यासाठी कोणी अर्जच केला नाही, तो तिथे सापडणार कसा? अशा माणसाचा कागद सिडनीत किंवा होबार्टमध्ये शोधावा लागतो. टास्मानियातल्या वर्तणुकीच्या नोंदवह्यांमध्ये तर उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि वसाहतीत झालेली प्रत्येक शिक्षा लिहिलेली असते.

दुसरं कारणही असतं. पोटासाठी लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनला गेलेल्या अनेक आयरिश लोकांना तिथल्याच न्यायालयांनी हद्दपार केलं. त्यांचे कागद इंग्लंडमध्ये आहेत.

हाती लागलेला दयेचा अर्ज मात्र जपून वाचा. तो शिक्षा कमी व्हावी म्हणून लिहिलेला असतो, बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाच्या हातून. त्यातली म्हातारी आई खरी असेल, निर्दोषपणाची शपथ तपासूनच घ्या.

घरातली गोष्ट आणि वर्षांचा हिशोब

‘आमचा पूर्वज बंडखोर होता’ हे घराघरांत सांगितलं जातं. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावातले बंडखोर खरोखर पाठवले गेले, पण बहुतेक कैदी चोरीच्या गुन्ह्यातले होते. ऑस्ट्रेलियातला प्रसिद्ध दरोडेखोर नेड केली याचे वडील जॉन केली यांना दोन डुकरं चोरल्याबद्दल टिपररीत १८४१ च्या जानेवारीत सात वर्षांची शिक्षा झाली. भूक आणि खंडाच्या ओझ्याखालच्या त्या देशात डुक्कर म्हणजे काय चीज होती हे कळलं की ही साधी नोंदही पुरेशी बोलकी वाटते.

त्यांचं जहाज व्हॅन डायमेन्स लँडला पोचलं जानेवारी १८४२ मध्ये, आणि सुटका झाली जानेवारी १८४८ मध्ये. शिक्षा खटल्याच्या दिवसापासून मोजली जाई, जहाज लागल्यापासून नाही. सुटकेचा दाखला चुकीच्या वर्षात शोधला की हाती काहीच लागत नाही. जन्मठेपेच्या कैद्यांना तर हा दाखला मिळतच नसे, त्यांच्यासाठी माफीची रजिस्टरं बघा. सुटल्यावर जॉन केली समुद्र ओलांडून मेलबर्नकडे गेले, १८५० मध्ये तिथे लग्न केलं आणि १८६६ मध्ये अ‍ॅव्हनेलला वारले. केवळ टास्मानियातच शोधत बसलं असतं तर १८४८ नंतरचा माणूस हरवलाच असता.

लग्नाच्या अर्जात ‘अविवाहित’ दिसलं तरी मायदेशी बायको नव्हती असं धरू नका. अनेकजण ती लपवत. उलट, चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना बायकामुलं सरकारी खर्चाने बोलावून घेण्यासाठी अर्ज करता येई. १८२८ ते १८५२ मधले असे अर्ज डब्लिनमध्ये शाबूत आहेत, आणि त्यांत बायकोचं नाव व ती राहायची ते गाव मिळण्याची चांगली शक्यता असते.