एनव्हीडीएच्या शॉर्टकट की आपल्या हाताला जमतील अशा करून घ्या

एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे आणि त्याच्या बहुतेक आज्ञांच्या की बदलता येतात. पण सगळ्या बदलू नका. रोज लागणाऱ्या आणि बोटांना अवघड जाणाऱ्या दोन-चारच निवडा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलं की अडायला होतं.

आपल्याकडे लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नाही, म्हणून उदाहरण बॅटरीचंच घेऊ. एनव्हीडीए+शिफ्ट+बी (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबलं की किती टक्के बॅटरी उरली आणि चार्जर चालू आहे का, हे ऐकू येतं. तीन की एकदम दाबणं जड जात असेल तर दोन कीची जोडी द्या.

जोडी रिकामी आहे का, हे आधी पाहा. एनव्हीडीए+१ दाबून इनपुट हेल्प, म्हणजे कोणती की काय करते हे सांगणारी सोय, चालू करा आणि हवी ती जोडी, समजा एनव्हीडीए+जे, दाबा. नुसतं कीचं नाव ऐकू आलं तर ती रिकामी आहे. पुढे काही माहिती सांगितली तर तिथे आधीच आज्ञा आहे. पुन्हा एनव्हीडीए+१ दाबून हेल्प बंद करा.

आता एनव्हीडीए+एन दाबून मेनू उघडा, मग प्रेफरन्सेस, मग इनपुट जेश्चर्स. फिल्टरच्या चौकटीत इंग्रजीत बॅटरी टाईप करा, टॅबने यादीत या आणि बाणाने बॅटरीच्या आज्ञेवर थांबा. टॅबने ॲडवर जाऊन एंटर मारा. नवी जोडी दाबा. ती सगळ्या कीबोर्ड लेआउटसाठी (डेस्कटॉप आणि लॅपटॉप) की फक्त लॅपटॉपसाठी असं विचारलं, तर बाणाने निवडून एंटर करा. शेवटी ओके दाबायलाच पाहिजे; एस्केप मारला की केलेलं सगळं जातं. जुनी की आपोआप निघत नाही, दोन्ही चालतात. नको असेल तर तिच्यावर जाऊन रिमूव्ह करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एनव्हीडीए की न घेता जोडी दिल्यामुळे. कंट्रोल+एसला आज्ञा दिली की ती एनव्हीडीएच खाऊन टाकतो आणि वर्डमध्ये फाईल सेव्हच होत नाही. तेवढ्यापुरतं एनव्हीडीए+एफ२ दाबून मग कंट्रोल+एस दाबा, म्हणजे की थेट वर्डला जाते. नंतर ती जोडी काढून टाका. जे आणि के अशी दोन साधी अक्षरं मिळूनही जोडी होत नाही.

बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२ साठी एफएन धरावं लागतं, त्यामुळे वेळ सांगणारी एनव्हीडीए+एफ१२ ही आज्ञाही याच पद्धतीने सोप्या कीवर आणता येते. लॅपटॉपला इन्सर्ट की नसेल किंवा कोपऱ्यात असेल, तर एनव्हीडीए+कंट्रोल+के दाबून कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करा. मग मोठी लिपी चालू करायला कॅप्स लॉक पटकन दोनदा दाबायचं.

फार गोंधळ झाला तर त्याच इनपुट जेश्चर्समध्ये रिसेट टू फॅक्टरी डिफॉल्ट्स आहे. त्याने आपण बदललेल्या सगळ्या की एकदम जातात. म्हणून आधी एनव्हीडीएच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधली जेश्चर्स डॉट आयएनआय ही फाईल कॉपी करून ठेवा. बदललेल्या की तिच्यातच असतात.

तालुक्याच्या सेंटरवर कॉम्प्युटर वापरायचा असेल तर एनव्हीडीएच्या मेनूतल्या टूल्समधून त्याची पोर्टेबल कॉपी (इन्स्टॉल न करता चालणारी) पेनड्राइव्हवर काढा आणि त्या वेळी आपली सेटिंग्ज सोबत घेण्याचा चेकबॉक्स टिक करा. तो राहिला की पेनड्राइव्हवर मूळच्याच की येतात.