शेतीला कर नाही, म्हणून रिटर्नमधून शेती वगळू नका: या चुका टाळा

विदर्भातल्या काटोल, वरुड, मोर्शी या पट्ट्यात एकाच माणसाकडे नोकरी आणि शेती दोन्ही असणे नवे नाही. शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांच्या नावावर वडिलोपार्जित संत्र्याची बाग असते आणि जुलै आला की ते फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) घेऊन तालुक्याला प्राप्तिकराचे रिटर्न भरायला जातात. तेथे पगाराचे आकडे भरले जातात, पण शेतीबद्दल कोणी विचारत नाही, कारण ‘शेतीला टॅक्स नाही’ हे सगळ्यांनाच पाठ आहे. ते खरेही आहे. मात्र म्हणून शेती दाखवायचीच नाही, हा त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

शेतीच्या उत्पन्नावर कर बसत नसला तरी इतर उत्पन्नावर किती कर बसेल हे ठरवताना ते धरले जाते. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हा नियम लागू होतो. समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात नवीन करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर (पगारातून सरसकट मिळणारी सूट वजा करून) पगाराचे १४ लाख आणि बागेचे निव्वळ ३ लाख रुपये आहेत. आधी १७ लाखांवरचा कर काढायचा, तो १,४०,००० रुपये होतो. मग शेतीचे ३ लाख आणि करमुक्त ४ लाख मिळून ७ लाखांवरचा १५,००० रुपये कर त्यातून वजा करायचा. उरतात १,२५,००० रुपये आणि वर ४ टक्के उपकर. शेती दाखवली नाही तर हाच कर ९०,००० दिसतो, म्हणजे उपकर सोडून ३५,००० रुपये कमी भरले जातात आणि पुढे तेच व्याजासह अंगावर येतात.

शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असताना आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. पगारदाराला अशा वेळी आयटीआर-२ लागतो. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेले, तर जमीन कोणत्या जिल्ह्यात आहे, किती एकर आहे, स्वतःची की मक्त्याने केलेली, ओलिताची की कोरडवाहू, हेही त्यात भरावे लागते. म्हणून सातबारा, बाजार समितीतील हिशेबपट्ट्या आणि कृषी केंद्राच्या पावत्या वर्षभर एका पिशवीत जपून ठेवाव्यात. बँकेत कर्ज मिळावे म्हणून शेतीचा आकडा फुगवून लिहिणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नका. त्या आकड्याचा पुरावा उद्या तुम्हालाच द्यावा लागेल.

शेतातून आलेला प्रत्येक पैसा शेतीचे उत्पन्न नसतो. स्वतः जोपासलेला आंबिया बहार (संत्र्याच्या एका हंगामाचे पीक) झाडावरच विकला तरी ते शेती उत्पन्न आहे, पण तो बहार विकत घेऊन तोडणी करून माल नागपूरला पाठवणाऱ्याचा नफा हा व्यापार आहे. दुधाचा धंदा, शेळीपालन आणि दुसऱ्याच्या शेतात भाड्याने फिरणाऱ्या ट्रॅक्टरची कमाई करपात्र असते, तर रोपवाटिकेचे उत्पन्न शेतीत मोडते. कपाशीच्या पैशाची मुदत ठेव केली, तर तिचे व्याजही करपात्र असते. बँकेने कळवलेले व्याज एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकात, दिसते, म्हणून रिटर्न भरण्यापूर्वी तो उतारा एकदा डोळ्यांखालून घालावा.

रिटर्न भरून देणाऱ्याने प्राप्तिकराच्या पोर्टलवर स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ई-मेल टाकलेला असतो, हेही वारंवार आढळते. मग सदोष रिटर्नची नोटीस त्याच्या फोनवर पडून राहते आणि उत्तराची १५ दिवसांची मुदत निघून जाते. पोर्टलवर स्वतःचा क्रमांक टाका आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. रिटर्न सादर झाल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने त्याची पडताळणी करा. तेवढे राहिले तर भरलेले रिटर्न ग्राह्य धरले जात नाही आणि परतावाही अडकतो.