पुळणीवर पळणाऱ्या पोरांनी नॅशनलपर्यंत कसं जायचं

शाळेच्या स्पोर्ट्सला पोरगी शंभर मीटरमध्ये पहिली आली की घरचे काय करतात, तर दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठवून तिला चार-चार किलोमीटर पळवतात. कृपया असं करू नका. स्प्रिंटरने थोडंच पळायचं पण जीव खाऊन पळायचं. साठ मीटर फुल स्पीड, मग चालत परत, चार-पाच मिनिटं दम घ्यायचा आणि मगच पुढचा. असे पाच-सहा झाले की घरी जायचं, नाचणीची भाकरी आणि बांगडा पोटभर खायचा.

मैदान नाही म्हणून अडत नाही, आपल्याकडे कोकणात पुळण आहे, म्हणजे समुद्रकाठची वाळू. फक्त ओहोटी बघून जायचं, ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते त्यामुळे रोज सहाला असं टाइमटेबल आपल्याकडे चालत नाही. पाणी मागे गेल्यावर जी ओली घट्ट वाळू उघडी पडते, टाच मारली तरी जेमतेम ठसा उमटतो, ती स्पीडसाठी. वरची भुसभुशीत वाळू ताकदीसाठी, आठवड्यातनं एकदाच. आणि पुळण समुद्राकडे उतरती असते, एकाच पायावर जास्त भार येतो, म्हणून जेवढं जाताना तेवढंच येताना पळायचं. मी शाळेत असताना गुहागरला अख्खा सीझन एकाच दिशेने पळालो, वारा पाठीवर मिळायचा म्हणून, आणि डिसेंबरात नडगी अशी धरली की जिना उतरता येईना, जिल्ह्याची स्पर्धा गेली ती गेलीच, अजून वाईट वाटतं. पावसाळ्यात चढावर पळा, पण शेवाळलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, अजिबात नको.

पी. टी. उषासुद्धा केरळात पय्योलीच्या किनाऱ्यावर सराव करायच्या, आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं ब्राँझ त्यांच्या हातून सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. एवढ्याशाने मेडल जात असेल तर स्टार्ट शिकायलाच हवा, आणि तो वाळूत येत नाही, त्यासाठी महिन्यातनं दोन-तीनदा तरी स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवायचे ठोकळे, असलेलं ग्राउंड गाठा. टाचेला चवडा लावून पावलं मोजायची, रेषेपासून पुढचा ब्लॉक दोन पावलांवर, मागचा तीन पावलांवर. 'सेट' म्हटल्यावर कंबर खांद्यापेक्षा जरा वर, मान सैल, नजर खाली. निघायचं ते आवाजावर, अंदाजाने नाही. मोठ्या स्पर्धेत एक फॉल्स स्टार्ट झाला की सरळ बाहेर. निघाल्यावर पहिली आठ-दहा पावलं वाकूनच जमीन मागे ढकलायची, लगेच ताठ झालात तर जोर तिथेच संपतो.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात होतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग नॅशनल. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांचा विभाग कोल्हापूर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेरवणच्या यूथ गेम्सला पण उतरा, बाहेरच्या पोरांबरोबर पळाल्याशिवाय आपण कुठे आहोत ते कळत नाही.

आणि कागद सांभाळा हो! जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, सगळ्यावर नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी, फॉर्म भरायच्या दिवशी धावपळ नको. सर्टिफिकेटं पुढे दहावी-बारावीच्या वाढीव मार्कांना लागतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तिथेही लागतात, पण कुठल्या लेव्हलचं चालतं ते आधी विचारून घ्या आणि पडताळणी वेळेत करा. आपल्याकडे पावसात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, तेव्हा सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.