मोठ्या फाइली वेगवेगळ्या संगणकांवर न्यायच्या असल्यास ड्राइव्हचा फॉरमॅट कोणता ठेवावा?

३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी आहे आणि तरीही सहा जीबीची एक चित्रफीत त्यावर चढवताना ‘फाइल फार मोठी आहे’ असे संगणक सांगतो, तेव्हा पहिला संशय पेनड्राइव्हवर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो आणि अडचण त्याच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या व नोंदवण्याच्या पद्धतीत, असते. १९९६ पासून वापरात असलेल्या एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिटांचीच जागा राखलेली आहे, त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे व्यवहारात ४ जीबीपेक्षा, मोठी होऊ शकत नाही. डिस्क केवढीही असली तरी ही मर्यादा हलत नाही. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर हाच फॉरमॅट असल्याने पुष्कळ कॅमेरे लांब चित्रीकरणाचे ४-४ जीबीचे तुकडे पाडतात, त्याचे कारणही हेच आहे.

फॉरमॅट निवडण्यापूर्वी ती ड्राइव्ह कोणकोणत्या संगणकांना जोडली जाणार आहे, हे ठरवावे. सगळीकडे विंडोजच असेल, तर विंडोजचा एनटीएफएस हा फॉरमॅट उत्तम. मॅकवर मात्र एनटीएफएसमधील फाइली नुसत्या वाचता येतात. वेगळे सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. मॅकचा स्वतःचा एपीएफएस हा फॉरमॅट मॅकपुरताच ठेवावा, कारण विंडोजला तो ओळखता येत नाही आणि अशी डिस्क जोडल्यावर ती फॉरमॅट करायची का, असा प्रश्न विंडोज विचारू शकते. त्या प्रश्नाला घाईत होकार दिल्यास आतील मजकूर हातचा जाण्याची वेळ येते. लिनक्सच्या ईएक्सटी४ ची गतही याहून फारशी निराळी नाही.

विंडोज आणि मॅक असा मिश्र प्रवास असेल, तर एक्सफॅट निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला, मॅकवर १०.६.५ या आवृत्तीपासून तो वाचता-लिहिता येतो. आणि २०१९ मध्ये त्याचा तांत्रिक तपशील खुला झाल्यावर लिनक्सच्या ५.४ या कर्नलपासून (प्रणालीच्या गाभ्यापासून) तिथे तो चालवण्याचा प्रश्नही सुटत गेला. फाइलच्या आकारावर त्यात व्यवहारात जाणवेल अशी मर्यादा नाही. घरातील जुन्या टीव्हीवर किंवा गाडीतील संगीतयंत्रावर मात्र तो चालेलच असे नाही, तेव्हा त्या यंत्राची माहितीपुस्तिका आधी पाहावी.

एक्सफॅटची खरी उणीव वेगळी आहे. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ डिस्कवरील बदलांची आगाऊ नोंद ठेवतात, म्हणून मध्येच वीज गेली तरी डिस्कची रचना बहुधा सावरता येते. एक्सफॅटमध्ये अशी नोंद नसते. त्यामुळे कॉपी चालू असताना केबल ओढली, तर त्या फाइलबरोबर इतर फाइलींनाही धक्का लागू शकतो. प्रत्येक वेळी ‘इजेक्ट’ करूनच ड्राइव्ह काढावी आणि एकुलती एक प्रत अशा ड्राइव्हवर कधीही ठेवू नये. ती वाहतुकीची पिशवी आहे, कपाट म्हणून वापरण्याची वस्तू नव्हे.

फॉरमॅट केल्याने ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी आतील फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे, ‘फाइल सिस्टिम’पुढे एक्सफॅट घ्यावे आणि बाकीचे पर्याय जसे आहेत तसे राहू द्यावेत. मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’ उघडून आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावे, सर्वांत वरच्या ओळीतील संपूर्ण डिस्कवर क्लिक करावे आणि मगच ‘इरेज’कडे जावे, खालचा विभाग निवडल्यास ‘स्कीम’, म्हणजे डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची पद्धत, बदलण्याचा पर्याय दिसत नाही. आजच्या संगणकांसाठी तेथे ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ घ्यावा. ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ही जुनी पद्धत असून नेहमीच्या डिस्कवर ती २ टीबीच्या आसपास थांबते.

हजारो बारीक फाइली न्यायच्या असतील, तर त्यांची आधी एकच झिप फाइल करावी. ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटसाठी साधारणपणे १२८ केबीचे कप्पे आखते आणि एका कप्प्यात दोन फाइली राहत नाहीत. त्यामुळे ४ केबीच्या एक लाख फाइली मुळात सुमारे ४०० एमबीच्या असूनही १२ जीबीच्या आसपास जागा अडवतात. लिनक्सवरील प्रकल्प नेताना त्याची टार फाइल (अनेक फाइली एकत्र बांधणारी फाइल) करणे आवश्यकच आहे, कारण फाइल कोणी वाचावी वा बदलावी याच्या परवानग्या एक्सफॅटमध्ये टिकत नाहीत.

कॉपी पूर्ण झाल्यावर मूळ फाइल लगेच पुसू नये. दोन्हीकडील आकार बाइटांपर्यंत जुळतो का ते पाहावे, काम महत्त्वाचे असल्यास एसएचए-२५६ चेकसमही (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून घ्यावा, आणि चित्रफीत असेल तर ती दुसऱ्या संगणकावर शेवटाकडची काही मिनिटे चालवून पाहावी. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर ठिपका आणि अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या जोडफाइली विंडोजमध्ये दिसल्यास गोंधळू नये. मॅकने त्यांत स्वतःची जादा माहिती ठेवलेली असते आणि पाहायची चित्रफीत मूळ नावाच्या फाइलीतच असते.