स्लॅशरचा मोठा नट नेमका किती आवळायचा?

मागच्या उन्हाळ्यात पलूसजवळच्या आमच्या रानात बांधावरचं गवत कापताना स्लॅशरच्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडून गवत कापायच्या मशीनच्या, ब्लेडचा बोल्ट तुटला. ब्लेड आतल्या पत्र्याला थडकून तिथंच अडकलं, म्हणून बरं. पलीकडच्या सरीत बायका भांगलत होत्या. तो बोल्ट मीच बसवला होता. पान्याला पाइप लावून, दोघांनी जोर देऊन, अगदी गच्च. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की सैल राहिला तरच धोका, जास्त आवळलेल्याचं काही बिघडत नाही.

खरं म्हणजे आवळलेला बोल्ट ताणलेला असतो. उसाची ट्रॉली भरल्यावर वरून साखळी ताणतो, तसंच हे. साखळी ढिली राहिली की वाटेत ऊस हलतो आणि प्रत्येक गचक्याला आणखी ढिला होतो. गरजेपेक्षा जास्त ताणली तर कडीच उघडते. बोल्टही किंचित लांबतो आणि मागं येऊ पाहतो. त्या ओढीनंच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. तो प्रमाणाबाहेर लांबला की पुन्हा मागं येत नाही, आणि मग बाहेरून घट्ट दिसणारा बोल्ट आतून निकामी झालेला असतो.

आता आधी हिशेब करू, कारण घोळ इथंच होतो. जोर गुणिले लांबी म्हणजे टॉर्क. बोल्टच्या मध्यापासून एक मीटरवर, काटकोनात एक किलोचा ओढा दिला की एक केजीएम, म्हणजे साधारण ९.८ न्यूटन मीटर. ३० चा पाना लागतो तो बोल्ट बहुधा २० एमएमचा असतो, २४ चा लागतो तो १६ एमएमचा आणि ३६ चा लागतो तो २४ एमएमचा. दुकानात बोल्ट मागताना पान्याचा आकडा सांगू नका, बोल्टची जाडी सांगा. डोक्यावर ८.८ (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) कोरलेलं असेल आणि आटे कोरडे असतील, तर १६ एमएमला सुमारे २००, २० एमएमला ४०० आणि २४ एमएमला ७०० न्यूटन मीटर लागतात. मशीनच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

२० एमएमच्या बोल्टला ४०० म्हणजे जवळजवळ ४१ केजीएम. फूटभर लांबीच्या रिंग पान्यावर ४० किलोचा जोर लावला तरी १२ केजीएमच मिळतात, म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही. त्याच पान्याला पाइप घालून ६० किलोचा माणूस एक मीटरवर लोंबकळला की ६० केजीएम होतात, म्हणजे लागतात त्याच्या जवळजवळ दीडपट. नुसत्या हातानं बोल्ट सैल राहतो आणि पाइप लावला की पिळला जातो. अंदाजावर मधला आकडा सहसा गाठता येत नाही.

कामाला लागण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात घाला आणि पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा दांडा, काढून ठेवा. स्लॅशर उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्या. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर राहून कुणीही खाली हात घालू नये. पाइप बाजूच्या पत्र्याखालून फिरेल इतकी उंची ठेवा, म्हणजे बाहेर बसून काम होतं. ब्लेड फिरू नये म्हणून ब्लेडचा आडवा दांडा आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये बाभळीचा ठोकळा अडकवा. 'तू ब्लेड धर, मी आवळतो' असं कुणालाही सांगू नका.

जुना नट सोडवताना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोणत्या बाजूला सुटतो हे आधी पाहा, काही मशीनवर उलटे आटे असतात. सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा मोठ्या जोराला नटाचे कोपरे गोल करतो. पाना शक्यतो आपल्याकडे ओढा. ढकलताना सटकला तर हाताची बोटं थेट पत्र्यावर जातात.

नवा बोल्ट घेताना आधीच्याच प्रतीचा घ्या. माझा तुटलेला बोल्ट नंतर धुऊन पाहिला तेव्हा डोक्यावर एकही आकडा नव्हता. साधा लोखंडी बोल्ट होता, दुकानदारानं दिला आणि मी न बघता घेतला. ८.८ किंवा १०.९ च्या जागी तसला बोल्ट घातला तर टॉर्क बरोबर देऊनही उपयोग नाही. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की टाकून द्या.

आटे तारेच्या ब्रशनं साफ करा. तेल लावायचं की नाही हे आधीच ठरवा, कारण आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि तोच आकडा बोल्टला जास्त ताणतो. म्हणून वरचे कोरडे आकडे तेलकट बोल्टला पाचवा ते चौथा हिस्सा कमी करून वापरा.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या आकड्यावर 'टक' वाजणारा पाना, असेल तर मुठीच्या मधोमध धरून सावकाश ओढा आणि 'टक' झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी एकदा ओढू नका. त्यानं नट सोडवू नका, त्याला पाइप लावू नका, आणि काम झाल्यावर आकडा खालच्या टोकाला आणून ठेवा. हवेच्या गननं नट पटकन बसतो, पण शेवटचं आवळणं गनवर सोडू नका.

टॉर्क पाना नसेल तर ताणकाटा, म्हणजे ओढ किलोत दाखवणारा लटकता वजनकाटा, वापरा, माझ्या मते गावात हाच उत्तम उपाय आहे. मजबूत दांड्याला सॉकेट लावा आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करा. तिथं ५० किलोचा ताणकाटा अडकवून दांड्याशी काटकोनात ओढा. ४१ किलो दिसले की २० एमएमचा बोल्ट झाला. २४ एमएमला दीड मीटरवर ४७ किलो. स्लॅशरचा शाफ्ट उभा असल्यानं दांडा आडवाच फिरतो, त्यामुळं त्याचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही.

गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा, ब्लेडचा दांडा धरणारा खाचांचा नट वेगळा. त्याचा आकडा पुस्तकातूनच घ्या. आधी तितका आवळा, मग नटाला आणि आट्यांना धक्का न लावता दांड्याच्या मधल्या भागावर जड हातोड्याचे दोन-चार ठोके द्या, म्हणजे तो शाफ्टवर नीट बसतो, आणि पुन्हा तितकाच आवळा. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट मागं फिरवायचा नाही. पुढच्या खाचेपर्यंत थोडा आणखी आवळायचा आणि नवीन स्प्लिट पिन घालायची. गिअरबॉक्स धरणारे बोल्ट मात्र समोरासमोरचे घेत, तीन फेऱ्यांत पूर्ण जोरावर आणा.

शेवटी नटावरून खालच्या भागापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढा. तासभर काम झालं की मशीन बंद करून, किल्ली काढून, ठोकळे देऊन सगळे बोल्ट पुन्हा त्याच आकड्यावर तपासा. पुढं आठ-दहा तासांनी पुन्हा एकदा. एरवी सकाळी रानात निघताना रेघ पाहिली तरी पुरतं. रेघ तुटलेली दिसली तर तो नट नुसता आवळून निघू नका. बोल्ट काढून लांबी नव्याशी ताडून पाहा, आणि आटे ओढल्यासारखे दिसले तर भंगारात टाका.